साळिंदराची मापाची काठी

एका जंगलात, डोंगराच्या सपाट माथ्यावर, एक साळिंदर राहत असे आणि ते सतत काळजी करत असे. मुलांनो, हसू नका. त्याच्या काळजीला कारण होतं. कारण ऐकण्याआधी जो हसतो तो मूर्ख, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या माथ्यावर पाण्याचा एकच झरा होता. झऱ्याला लागून, जांभळाच्या मुळांखाली, एक थंडगार खोल बीळ होतं. बाकीची सगळी बिळं उघड्या माळाच्या पलीकडे. आणि माळाच्या कडेच्या खडकावर उन्हाळाभर एक तरस बसलेलं असे. गेल्या वर्षी साळिंदराच्या वाट्याला पलीकडचं बीळ आलं. पाण्यासाठी रोज माळ ओलांडावा लागला. चैत्रात त्याची दोन पिल्लं होती. वैशाखात एक उरलं. एवढं सांगते आणि पुढे जाते.

झऱ्याकाठचं बीळ कोणाला मिळणार हे त्या जंगलात भांडून ठरत नसे, खेळून ठरे. फाल्गुनात पानगळ संपली की सगळे प्राणी माळावर जमत. सागरगोटा जमिनीवर ठेवायचा आणि टोकाला गाठ असलेल्या काठीने तो हाणत हाणत दूरच्या खळग्यात घालायचा. असे नऊ खळगे. ज्याचे फटके सर्वांत कमी, त्याने आधी बीळ निवडायचं. दरवर्षी पहिला यायचा वानर. पण वानराला बीळ कशाला हवं? त्याला नुसत्या टाळ्या हव्या असत. तो तीनदा वाकून नमस्कार करी आणि आपल्या झाडावर निघून जाई. म्हणजे खरी चुरस दुसऱ्या नंबरासाठी. गेल्या वर्षी दुसरा आला ससा, एकेचाळीस फटक्यांत. साळिंदराला लागले त्रेचाळीस. दोन फटक्यांनी बीळ हुकलं.

ते दोन फटके वर्षभर साळिंदराच्या डोक्यात ठणकत होते.

यंदा स्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना ऐनाच्या झाडावरच्या सुतार पक्ष्याने नवं काम सुरू केलं. तो ज्याच्या त्याच्या मापाने काठी घडवून देऊ लागला. वेलीचा तंतू घेऊन पंजापासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं, मारताना कोण कसा वळतो ते विचारायचं, आणि मग चोचीने काठी कोरायची. वानराने एक घडवून घेतली. सशानेही घेतली. किंमत म्हणून त्याने आपल्या शेपटीची लोकर उपटून दिली आणि जंगलभर सांगत सुटला, "काठी अशी बसलीय हातात, जणू माझ्याच पंज्याला फुटलीय!"

साळिंदर सुताराकडे गेलं. "सुतारदादा, मला काय पडेल?"

"तीस काटे. पाठीवरचे, लांब. माझ्या ढोलीच्या तोंडाला लावीन म्हणतो. साप फार येतो."

"तीस!"

"तीसच. आणि आधीच सांगतो, काठीने फार तर दोन-तीन फटके वाचतील. बाकीचं तुझं तू."

असा खरं बोलणारा कारागीर मिळायला नशीब लागतं. पण काळजी करणाऱ्याला खरं ऐकूनही चैन पडत नाही. साळिंदर घरी आलं आणि पाठीवरचे काटे चाचपू लागलं. तीस काटे गेले तर उजवी कूस उघडी पडणार. ते परत यायला पावसाळा उजाडणार. बीळ मिळालं तर ठीक. नाही मिळालं, तर ती उघडी कूस घेऊन उन्हाळाभर त्या तरसासमोरून जायचं. आणि काठी नाहीच घेतली तर? ससा पुन्हा पुढे जाणार. मग पुन्हा माळ, पुन्हा तरस, आणि घरात उरलेलं हे एकच पिल्लू. दोन दिवस त्याच्या घशाखाली कंद उतरला नाही.

साळिंदरीण वैतागली. "अहो, घ्यायची तर घ्या, नाही तर नका घेऊ. पण माझ्यासमोर असे फेऱ्या मारू नका. मला गरगरतं."

"तुला काय वाटतं?"

"काटे तुमच्या पाठीवरचे, मी काय सांगू? कासवाला विचारा. चाळीस वर्षं खेळतंय ते."

कासव झऱ्याकाठी ऊन खात पडलं होतं. त्याची काठी जुनी, वाकडी, मधे चिरलेली. "माझी काठी वाकडी आहे आणि मीही वाकडा आहे," ते म्हणालं. "आमचं जमतं."

"पण मी काय करू, आजोबा?"

"तुझी काठी कोणाची?"

"वडिलांची."

"ते कसे होते? तुझ्याएवढेच?"

"माझ्याहून वीतभर उंच."

"मग चाळीस वर्षं थांबून वडिलांएवढा हो, नाही तर माप दे," कासव म्हणालं आणि त्याने मान आत ओढून घेतली. म्हाताऱ्यांशी बोलताना एवढंच मिळतं. पण जे मिळतं ते पुरेसं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साळिंदर मनाशी ठरवून ऐनाखाली गेलं. तिथे ही गर्दी! ससा होता, वानर फांदीवर पाय हलवत बसला होता, दोन मुंगसं उगाच आली होती. दुसऱ्याचं माप घेताना बघायला सगळ्यांना आवडतं.

"नेहमी उभा राहतोस तसा उभा राहा," सुतार म्हणाला.

आता साळिंदर नेहमी कसं उभं राहायचं ते सांगते. कमरेत वाकून. पोट खाली सुटलेलं. आणि डावा पाय जरा बाहेर फेकलेला, कारण लहानपणी त्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. दिसायला काही फार छान नव्हतं. ते तसं उभं राहिलं मात्र, ससा ओरडला, "बघा बघा, गोणी उभी राहिली! काटेराव, गोणीत बटाटे भरलेत की कांदे?"

मुंगसं फिसकन हसली.

साळिंदराच्या कानामागे गरम झालं. त्याने पोट आत घेतलं. छाती काढली. डावा पाय सरळ केला. आणि हळूच, कोणाला कळणार नाही असं, टाचा उचलल्या.

सुताराने तंतू हातात घेऊन डोकं तिरकं केलं. "रोज असाच उभा राहतोस?"

"हो तर."

"मारतानाही?"

"मारतानाही."

"शेवटचं विचारतो. असाच?"

"सांगितलं ना हो म्हणून!"

सुताराने माप घेतलं. मग एकेक करून तीस काटे उपटले. प्रत्येक काटा निघताना कट्ट असा आवाज येई आणि साळिंदर डोळे मिटून घेई. शेवटी उजवी कूस तळहातासारखी मोकळी झाली.

चार दिवसांनी काठी आली. काय काठी होती! गुळगुळीत, उभी धरली की नजर ठरावी अशी. साळिंदराने ती माळाच्या कोपऱ्यात नेली, सागरगोटा ठेवला आणि मारला. म्हणजे मारायला गेलं. काठी सागरगोट्याच्या आधीच जमिनीवर आपटली. दुसऱ्यांदा सागरगोटा सटकून डावीकडे झुडपात गेला. तिसऱ्यांदा काठीचं वरचं टोक त्याच्याच हनुवटीवर बसलं. संध्याकाळपर्यंत त्याने नऊ खळगे पुरे केले तेव्हा फटके झाले होते त्रेपन्न.

आता त्याच्या काळजीला खरं तोंड फुटलं. वडिलांच्या जुन्या काठीने त्रेचाळीस, मापाच्या नव्या काठीने त्रेपन्न! काटे गेले, कूस उघडी पडली, आणि स्पर्धेला चार दिवस. घरी सांगायचं कसं? ते उजवी कूस भिंतीकडे करून निजू लागलं. पिल्लू विचारी, "बाबा, काठी छान आहे ना?" ते म्हणे, "छान आहे रे, फार छान आहे." आणि पुन्हा माळाच्या कोपऱ्यात जाऊन जमीन बडवत बसे.

तिथे तिसऱ्या दिवशी साळिंदरीण त्याच्यामागून गेली. उभी राहून त्याचे फटके बघत होती. मग म्हणाली, "अहो, ही कोणाची काठी?"

"माझी. मापाने केलेली."

"कोणाच्या मापाने?"

साळिंदराने काठी खाली ठेवली आणि ते तिच्याशेजारी बसलं. मग एकदाचं सगळं सांगितलं. सशाचं बोलणं, गोणी, आत घेतलेलं पोट, उचललेल्या टाचा.

"म्हणजे तीस काटे देऊन तुम्ही एका उंच, ताठ, सडपातळ साळिंदराला काठी करून दिलीत," ती म्हणाली. "तो आला भेटायला की मला सांगा. एकदा बघायचाय मला."

त्याला हसू आलं आणि रडूही आलं.

"आता उठा," ती म्हणाली. "सुताराकडे चला. मी येते."

ऐनाखाली गर्दी तशीच होती. रिकामटेकड्यांना दुसरं काम नसतं. साळिंदर आधी रागाने बोललं, कारण खजील झालेल्याला आधी रागच येतो. "सुतारदादा, तुझी काठी खोटी आहे!"

"मारून दाखव."

त्याने मारलं. काठी जमिनीत रुतली.

"त्या दिवशी तू टाचा उचलल्या होत्यास," सुतार म्हणाला. "मला दिसलं होतं. मी तीनदा विचारलं. तू तीनदा हो म्हणालास."

माझं विचाराल तर सुताराचीही थोडी चूक होतीच. दिसलं होतं तर स्पष्ट बोलायचं होतं. गिऱ्हाइकाची लाज राखण्यापेक्षा त्याचं काम राखावं. पण जास्त चूक कोणाची होती, ते साळिंदराला आता माहीत होतं.

"काही करता येईल का, दादा? स्पर्धा उद्या आहे. आणखी काटे..."

"काटे नकोत. काठी लांब झालीय, ती कापता येते. आखूड झाली असती तर चुलीत गेली असती. पण माप पुन्हा द्यावं लागेल. आत्ता. इथेच."

साळिंदराने सभोवार पाहिलं. ससा मिशा साफ करत होता. वानराचे पाय हलायचे थांबले होते. मुलांनो, तीस काटे उपटून देताना त्याला जेवढं दुखलं नव्हतं, तेवढं आता दुखलं. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो खडक आला, आणि खडकावरचं तरस. त्याने टाचा खाली टेकल्या. पोट सोडून दिलं. कमरेत वाकलं. डावा पाय बाहेर गेला, नेहमी जायचा तिथे.

"आली, आली, गोणी परत आली!" ससा ओरडला. "आणि एका बाजूने टक्कलही पडलंय!"

"भावोजी," साळिंदरीण म्हणाली, "आधी मागे वळून स्वतःची शेपटी बघा. कापूस निघून नुसती सरकी उरलीय."

या वेळी मुंगसं सशाला हसली.

सुताराने पाच सागरगोटे मारायला लावले आणि पाचही वेळा तो खाली उतरून बघत राहिला. मग त्याने काठी चार बोटं कापली आणि टोकाची गाठ एका बाजूने तासली. "घे. आता ही तुझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्पर्धा झाली. वानर पहिला आला, तीनदा वाकला, झाडावर गेला. मागे ससा आणि साळिंदर आठव्या खळग्यापर्यंत बरोबरीत आले. नवव्याला सशाचे पाच फटके झाले. साळिंदराचे तीन झाले होते आणि सागरगोटा खळग्यापासून सहा पावलांवर होता. चौथ्या फटक्यात गेला तर बीळ. मधे उतार होता. समोर सगळं जंगल उभं होतं.

"ताठ उभा राहा की, काटेराव!" ससा म्हणाला. "सगळे बघतायत!"

आणि खरं सांगते, साळिंदराच्या टाचा आपोआप उचलल्या जाऊ लागल्या. सवय इतकी लवकर जात नाही. त्याने साळिंदरिणीकडे पाहिलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत नव्हती, काठीकडेही नाही. ती त्याच्या पायांकडे बघत होती.

त्याने टाचा टेकवल्या. पोट सुटलं. कंबर वाकली. काठीची गाठ जमिनीवर अशी टेकली, जशी ती तिथेच उगवली असावी. त्याने मारलं.

सागरगोटा उताराने घरंगळत गेला, खळग्याच्या काठाशी थबकला, जरासा डळमळला आणि आत पडला.

त्या उन्हाळ्यात साळिंदराचं बिऱ्हाड झऱ्याकाठी होतं. पाणी वीस पावलांवर होतं. तरीही पाण्याला जाताना साळिंदरीण रोज त्याच्या उजव्या बाजूने चाले, आणि पिल्लू दोघांच्या मधे. पावसाळा येऊन त्याचे तीस काटे परत उगवेपर्यंत तिने आपली बाजू बदलली नाही.

तात्पर्य : आपल्या मापाची वस्तू घ्यावी की नाही, हे आपली गरज बघून ठरवा. पण घ्यायची ठरली तर माप देताना जसे आहात तसेच उभे राहा. लोकांना दाखवायला टाचा उचलल्या, तर किंमत तुमची जाते आणि वस्तू मात्र कुठेच नसलेल्या दुसऱ्याची होते.