तगाद्याची हद्द

धोंडशेट सावकाराचा वसुलीवाला बाळाप्पा पहाटेच हलगी घेऊन सगुणा कासारणीच्या दारात उभा राहायचा. कडाड् कडाड्! मांजरंसुद्धा दचकून छपरावर चढायची. मग तो साऱ्या आळीला तिच्या कर्जाचा आकडा ऐकवायचा. सगुणा ठरलेला हप्ता चुकवत नव्हती, पण धोंडशेटला सगळे पैसे एकदम हवे होते. आता तर बाळाप्पाने बजावलं, सोमवारी तुझ्या मुलीला बघायला पाहुणे येतील, तेव्हा हलगी त्यांच्यासमोरच वाजेल.

सगुणा भुजंगराव महाराजांकडे गेली. महाराजांनी निकाल दिला की मागणं हा सावकाराचा हक्कच आहे, मागण्याला कसली हद्द?

"तुला दिसत असेल तर रविवारपर्यंत आखून आण," ते म्हणाले. दरबार खो खो हसला.

"आणते. लिहून घ्यायला एक कारकून तेवढा द्या."

सगुणाने राणीसाहेबांना भरलेल्या बांगड्यांचे पैसे राजवाड्याने तीन वर्षं थकवले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे महाराजांच्या खिडकीखाली हलगी कडाडली. चार आणे देऊन सगुणाने बाळाप्पालाच आणलं होतं! पहारेकऱ्यांना तिने महाराजांचा निकाल ऐकवला, ते बाजूला झाले. महाराज धडपडत उठले आणि ओरडले, उजाडायच्या आत कुणी मागायला येतं का? कारकुनाने लिहिलं.

तिसऱ्या दिवशी महाराजांची अर्धी दाढी झाली असताना ती पैसे मागायला हजर. न्हावी ऐकतोय, असं महाराज दातओठ खात पुटपुटले. कारकुनाने तेही लिहिलं. मग ती मुक्कामाला आलेल्या त्यांच्या सासूबाईंना भेटली. जेवताना सासूबाईंनी हातातल्या सोन्याच्या पाटल्या उतरवून ताटाशेजारी ठेवल्या.

"जावईबापू, या विका आणि त्या बाईचं देणं फेडा."

महाराज घास टाकून बाहेर आले. "देणं माझं आहे ना? मग माझ्याशी बोल! सासूला मधे कशाला आणतेस?"

रविवारी कारकुनाने दरबारात कागद वाचला. उजाडायच्या आत जाऊ नये. परक्यासमोर मागू नये. नात्यागोत्यात बोभाटा करू नये. हलगी तर मुळीच नको.

"ही हद्द आखली कुणी?" महाराजांनी विचारलं.

"तुम्हीच. जिथे जिथे तुम्ही कळवळलात, तिथे तिथे मी रेघ ओढून घेतली."

धोंडशेट कुरकुरला की राजाची गोष्ट वेगळी, ही तर कासारीण!

"कान दोघांनाही दोनच आहेत, शेटजी," सगुणा म्हणाली.

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर पडली. त्यांनी कागदावर शिक्का उमटवला, ती हद्द त्याच दिवसापासून सगळ्या सावकारांना लागू केली, थकलेले पैसे व्याजासकट मोजले आणि सगुणाच्या मुलीच्या लग्नाचा चुडा राजवाड्याच्या खर्चाने भरायला सांगितलं.

सगुणाने पदर सावरून मुजरा केला. "रोखीने, महाराज."