फळीवरची रेघ

कोकणातल्या एका बंदरात दाजीशेट नावाचा नारळाचा व्यापारी राहत होता. त्याला किनाऱ्याची चित्रे जमवायचे वेड होते. चित्रेही साधी नव्हेत. लाकडी फळीवर कोरून, शाई लावून कागदावर उठवलेली. पाहुणा आला की शेट त्याला आधी भिंतीपुढे उभा करायचा आणि मगच पाणी विचारायचा.

ही चित्रे जानू चितारी कोरत असे. शेटची एक अट होती. फळीवरून एकच छाप काढायची आणि लगेच पटाशीने फळीवर आडवी रेघ ओढायची. म्हणजे पुन्हा कोणी छाप काढलीच, तर ती खराब निघावी. "हे चित्र जगात फक्त माझ्याकडे आहे," असे म्हणताना शेटची छाती फुगायची. चित्रापेक्षा हे म्हणण्यातच त्याला जास्त गोडी होती.

एकदा जानूने खाडीच्या तोंडावरची कोळीवाडी कोरली. माड, वाळत घातलेली जाळी, घर न् घर ओळखू यावे असे काम झाले होते. शेटसाठी छाप काढल्यावर तो म्हणाला, "शेटानू, वाडीसाठी एक छाप काढून ठेवतंय. मगे रेघ मारतंय."

"वाडीक चित्र कित्याक होया? दार उघडला की समोर दर्या आसाच," शेट म्हणाला.

शेटसारखे गिऱ्हाईक जानूला दुसरे नव्हते. त्याने मुकाट्याने पटाशी उचलली. रेघ नीट खोल गेली की नाही, हे शेटने बोट फिरवून पाहिले.

पुढे एका आषाढात दर्या वाडीत शिरला. माणसे टेकडीवर पळाली म्हणून वाचली. घरे, माड, पायाखालची वाळूसुद्धा दर्याने ओढून नेली. लोकांनी टेकडीवरच नवी घरे बांधली. मग कोणाला तरी जानूच्या फळीची आठवण झाली. जानूने ती माळ्यावरून काढली आणि घरटी एक छाप काढून दिली.

काही दिवसांनी दाजीशेट टेकडीवर नारळ वाटायला गेला. लोक आपले गुण गातील, अशी त्याची अपेक्षा होती. गोदूताई नावाच्या कोळणीने त्याला घरात बोलावले. भिंतीवर तेच चित्र होते आणि त्यावरून आडवी पांढरी रेघ गेली होती.

"शेटानू, ह्या रेघेखाली माझा घर होता," गोदूताई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. फळी पडून झडून खराब झाली असेल, असेच तिला वाटत होते.

शेट पाणी न पिताच उठला. वाटेत दारे उघडी होती. ज्या घरात नजर जाई, तिथे ती रेघ होती. तो शरमेने भराभर टेकडी उतरला.

घरी जाऊन त्याने भिंतीवरचे चित्र उतरवले आणि ते काखेत मारून परत टेकडी चढला. गोदूताईने चित्र मांडीवर घेतले. तिला तिचे घर सापडले. पडवी सापडली. तिने त्यावरून बोट फिरवले, फिरवतच राहिली. मग तिने मान वर केली.

"ह्या तुमच्याकडे होता, तर फळयेर रेघ कोणी मारल्यान?"

शेटला खोटे बोलता आले असते. जिभेवर आलेही होते. पण गोदूताईचे बोट अजून पडवीवरच होते.

"मी मारूक लावलंय."

"कित्याक?"

"दुसऱ्या कोणाकडे ह्या चित्र असता नये, म्हणान."

 गोदूताई उठून दारात गेली आणि शेजारणींना चित्र बघायला हाका मारू लागली. बायका धावत आल्या. शेट कोपऱ्यात अंग चोरून उभा राहिला. आपण केव्हा निघावे, हेही त्याला कळेना.

तात्पर्य: सुंदर वस्तू आपल्याजवळ असावी असे वाटण्यात गैर काही नाही. पण ती दुसऱ्या कोणालाच मिळू नये म्हणून जो धडपडतो, त्याच्यावर एक दिवस ते कारण स्वतःच्या तोंडाने सांगायची पाळी येते, आणि तेव्हा मान वर होत नाही.