सहाव्या पाटाच्या तिघी

एका राज्यात दरबार सिंहासनावर भरत नसे, पाटांवर भरे. ज्याच्या छातीत जितक्या ज्योती, त्या आकड्याचा त्याचा पाट. राजालाही त्यातून सूट नव्हती. ज्योतींभोवती तितकेच काजवे फिरत, आणि कोणाची कोणाशी कशी गट्टी जमायची ते हे काजवेच ठरवत. शिवाय छातीत काही मुके खडे असत. त्यांनी फक्त वजन वाढे, म्हणून त्यांची कोणी चौकशी करत नसे. मुक्यांची कोण करतो?

कालजिव्ह जादूगाराने एकदा वारा ज्याच्या हाती असे त्या सातव्या पाटाच्या धन्याचा धूर करून टाकला आणि राज्यातला वारा थांबला. निशाणं लोंबू लागली. मळणी झालेलं धान्य खळ्यावर तसंच पडलं, कारण वाऱ्याशिवाय उफणणी व्हावी कशी? घराघरांत कोंड्यासकट भाकरी खाऊन लोकांचे घसे खरवडून निघाले.

राजा अग्निकेतूला तीन मुली होत्या: शलाका, मेखला आणि तरला. तिघींच्या छातीत सहा सहा ज्योती, भोवती सहा सहा काजवे. चेहरे असे सारखे की आईसुद्धा हाका मारताना तिन्ही नावं घेई. एके दिवशी कालजिव्ह दरबारात आला.

"राजा, 'सहा ज्योती, एक पाट' अशी तुमची म्हण. मग तिघी कशा? खरी एक दाखव, मी वारा सोडतो. उरलेल्या दोघींचा दगड होईल."

राजाचं तोंड उतरलं. एकीकडे पोटच्या पोरी, दुसरीकडे उपाशी रयत. तरला पाटाच्या कडेला सरकली. तिच्या आत एक खडा सतत चुळबुळत असे. बहिणींना तसं काही होत नसे, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. खोटी कोण, हे तिला आधीच ठाऊक होतं.

राजवाड्यातल्या उंबरावर एक भारद्वाज राहत असे. तो माणसांसारखा बोले. लाल डोळा मिचकावून तो म्हणाला, "महाराज, तीन परीक्षा घ्या."

पहिली परीक्षा विस्तवाची. तिघींनी विझलेल्या शेगड्यांवर फुंकर घातली. तिन्ही पेटल्या, ज्वाळेत रतीभर फरक नाही. दुसरी फुगडीची. आठव्या पाटाच्या जुळ्या बहिणी आल्या. एकीने डावा हात धरला, दुसरीने उजवा. तिघींचीही पकड तशीच बसली. फक्त तरलेची गिरकी अंमळ सावकाश फिरली. तिसरी परीक्षा तराजूची, आणि तिथेच घात झाला. शलाकेत सहा खडे निघाले, मेखलेत सात, तरलेत आठ.

"सापडलं!" कालजिव्ह टाळ्या पिटत ओरडला. "वजन वेगळं, तर माणूस वेगळं!"

तरला उभी राहू लागली. "महाराज, खोटी मीच असेन. मला उठवा, पण ताईंना राहू द्या."

शलाकेने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बस गं. भरल्या पाटावरून कोणी कोणाला उठवतं का?"

मेखला म्हणाली, "हिला उठवाल तर आम्हीही उठू."

भारद्वाज उडून राजाच्या खांद्यावर आला. "महाराज, म्हण काय आहे?"

"सहा ज्योती, एक पाट."

"एक पाट म्हटलंय. एक माणूस कुठे म्हटलंय? पाट ज्योतींचा असतो, खड्यांचा नव्हे. ज्योती मोजा आणि गप्प बसा."

दरबार खो खो हसू लागला. पिढ्यान् पिढ्या म्हण घोकली, पण तिचा अर्थ कोणी लावला नव्हता! राजा म्हणाला, "कालजिव्हा, तिघीही खऱ्या. तिघीही सहाव्या पाटाच्या."

"मग बसा वाऱ्यावाचून!" जादूगार फुत्कारला. "सातवा पाट रिकामाच राहणार."

तरला हे ऐकतच नव्हती. ती खोटी नव्हती! आनंदाने तिला रडू फुटलं, आणि तेवढ्यात आतला तो चुळबुळ्या खडा जागा झाला. त्याची झाली ज्योत. एक ठिणगी सुसाट बाहेर पडली ती थेट कालजिव्हाच्या दाढीत. क्षणात त्याचा धूर झाला. त्याची विद्या त्यालाच भोवली.

"सात ज्योती!" राजा म्हणाला. कुठूनसा एक सातवा काजवा येऊन तिच्याभोवती फिरू लागला.

"सहा ज्योतींना आठ खडे जरा जास्तच होत होते," भारद्वाज म्हणाला. "एक ना एक दिवस हे व्हायचंच होतं. कधी, ते मात्र मलाही ठाऊक नव्हतं."

तरला उठली. कोणी उठवली नाही, आपणहून उठली, आणि शेजारच्या सातव्या पाटावर जाऊन बसली. राजाने तिला पुन्हा तोलून पाहिलं. वजन तेवढंच भरलं.

आणि वारा सुटला! निशाणं फडफडली. बायका सुपं घेऊन खळ्याकडे धावल्या, कोंडा उडाला, पिवळंधमक धान्य पायाशी पडलं. त्या संध्याकाळी गावाने पहिली मऊ भाकरी खाल्ली.

राजवाड्यात पंगत बसली तेव्हा शलाका आणि मेखला सहाव्या पाटावर एका कडेला सरकून बसल्या.

"आता कोणासाठी जागा ठेवता?" तरलेने विचारलं.

"सवय गं," शलाका म्हणाली. मग तिने शेजारच्या पाटावरच्या तरलेच्या ताटात तुपाची धार धरली.

तरलेला जसा तिचा पाट लाभला, तसा ज्याचा त्याला लाभो, आणि शेजारी बहीण असो.