कढवलीचा पहिला तांब्या

घाट उतरून कढवलीत शिरलं की आधी दिसतं ते वरचं टाकं. घडीव काळ्या दगडाचं, चारी बाजूंनी पायऱ्या, दिवे ठेवायला कोनाडे, भोवती भिंत. त्यात पाण्याचा थेंब नाही. पावसाचं साचतं, तेही जिरून जातं. खाली, रस्त्याला लागून, एक ओबडधोबड खड्डा आहे. त्याला ना पायरी, ना भिंत, ना दार. जमिनीतून उकळून येणारं ऊन पाणी आहे ते तिथं. पाहुणे टाक्याचे फोटो काढतात आणि विचारतात, एवढं सुंदर बांधकाम सोडून लोक खड्ड्यात का उतरतात? बांधकाम सुंदर आहे, खोटं नाही. ते कुणी बांधलं नि कशासाठी, एवढं ऐकावं, मग सुंदर म्हणावं.

घाटातून पालख्या चालत, तेव्हाची गोष्ट सांगतात. ऊन पाणी तेव्हा वर होतं, उघड्यावर. लमाण असो, बैलवाला असो, भोई असो, घाट उतरलेला माणूस त्यात अंग शेकायचा आणि पुढं जायचा. पाणी वाघजाईचं. ते राखायला गुरव होता. राखायला म्हणजे झाडायला, अडवायला नव्हे.

मग एक सुभेदार आला. त्याचं नाव गाव घेत नाही, म्हणून इथंही नाही. प्रवासात त्याची पाठ धरली होती, ती या पाण्यात मोकळी झाली म्हणे. गुण आला की माणूस देवीला नारळ देतो. यानं पाथरवट आणले. पाण्याला टाकं बांधलं, भिंत घातली, दार लावलं, दारावर शिपाई बसवला. सुभेदारांना येता-जाता विसावा हवा, एवढंच कारण.

पुढच्या हिवाळ्यात तो पालखीतून पुन्हा आला. पालखीच्या दांडीला पुढं दोघे भाऊ होते, तुळाजी भोई आणि त्याचा धाकटा सटवा. उतारावर सगळा भार पुढच्यांवर येतो. पुढचा भोई वाट बघून हाक देतो आणि मागचे त्या हाकेवर पाय टाकतात. सटवा हाकेतच टोमणा घालायचा. त्या दिवशी म्हणाला, "सुभेदार हलकंच हायती, दादा. जड हाय त्यो त्यांचा हुकूम."

मागचे हसले. तुळाजी हसला नाही. सटव्याच्या खांद्यावरची फडक्याची घडी भिजली होती, आणि ती घामानं नव्हती भिजली. दांडीनं खांदा फुटला होता, आत पू धरला होता, अंगात ताप होता. तरी गडी खांदा सोडेना. भर घाटात खांदा सोडला तर भोयाची अब्रू जाते. तुळाजी त्याला एकच सांगत राहिला, कढवली येऊ दे. ऊन पाण्यानं शेकू, पू काढू, वर हळद बांधू. भोयांचं ते जुनंच औषध. त्या एका आशेवर सटवा घाट उतरला.

खाली येऊन बघतात तर दार.

गेल्या खेपेला तिथं दार नव्हतं. तुळाजीनं शिपायाला विचारलं, मग थेट सुभेदारापुढं हात जोडले. सुभेदार गळ्यापर्यंत पाण्यात बसला होता. भावाचा खांदा शेकायला दोन तांबे पाणी द्या, एवढंच मागणं होतं. सुभेदार डोळे न उघडताच बोलला.

"खांदे तुमचे नव्हेत, भोया. पालखीला लागलेत तोवर माझे. कधी शेकायचे ते मी सांगेन."

शिपाई त्याच्याही वरताण. म्हणाला, मोरीतून पाणी वाहतंय की खाली, ते घ्या, वर सुभेदारांच्या अंगाचं अत्तर फुकट. सटव्यात मानापमानाचं त्राण उरलं नव्हतं. तो तांब्या घेऊन मोरीपाशी वाकला. तुळाजीनं त्या तांब्याला लाथ मारली.

"त्येनं अंग धुऊन टाकलेलं पाणी तुझ्या जखमंला लावू? त्यापरीस मेलास तरी चालंल."

रागात माणूस बोलून जातो. सटवा मोरीपासून उठला. रस्त्याकडेला जाऊन आडवा झाला.

सुभेदाराला पाणी मानवलं. मुक्काम लांबला. सकाळी टाकं, संध्याकाळी टाकं, मध्ये जेवण आणि झोप. तुळाजी रोज दाराशी जायचा आणि परत फिरायचा. गुरवानं घरच्या चुलीवर पाणी तापवून आणलं, खांदा शेकला, पाला बांधला. पण तोवर विष अंगात भिनलं होतं. एका सकाळी सूर्य घाटावर आला आणि सटवा गेला.

मेल्या माणसाला ऊन पाण्याची आंघोळ घालतात. ती वैऱ्यालाही कुणी नाकारत नाही. तुळाजी पुन्हा दाराशी गेला. आतून निरोप आला की, सुभेदारांचं आटोपू दे, मग बघू.

तुळाजी परत आला. भोई थांबले की ज्या काठीवर पालखीची दांडी टेकवतात, ती त्यानं उचलली आणि भावाच्या उशाशी जमिनीत रोवली. गुरव जवळ उभा होता. तुळाजी काय बोलला ते त्यानं ऐकलं आणि त्याच्याकडून गावानं.

"वाघजाई, पाणी तुझं असंल तर हितं ये. त्येचं असंल तर तितंच ऱ्हा. मग मी समजंन, देवीबी पालखीतच बसती."

देवीला असं कुणी बोलत नाही. तो बोलला. जमीन आतून गुरगुरली म्हणे. वर टाक्यातलं पाणी फिरत फिरत खाली गेलं आणि सुभेदार ओल्या दगडावर उघडा बसून राहिला. इकडं काठीच्या बुडाशी माती फुगली, फुटली आणि वाफाळतं पाणी वर आलं. तुळाजीनं तांब्या भरला. पहिला तांब्या भावाच्या खांद्यावर ओतला. मग आंघोळ घातली.

सुभेदार धोतर गुंडाळून खाली आला. पालखी उचला म्हणाला. एकही भोई उठला नाही. चाबकाची भीती घातली, तरी उठला नाही. वाफ बघून त्याची पाठ त्याला आठवली असावी, तो पाण्याकडं वळला. तुळाजी बाजूला सरला.

"पाणी देवीचं हाय. ती न्हाई म्हणत न्हाई, मीबी म्हणत न्हाई. पर आज हितं पहिला तांब्या दुसऱ्याच्या हातानं पडला. हितनं म्होरं तसाच पडंल. तुझ्या खांद्यावर कोण वततंय, ते बघ."

सुभेदारानं शिपायाला हुकूम केला. शिपायानं तांब्या भरून घेतला. मग त्याची नजर जमिनीवरच्या सटव्याकडं गेली. भरलेला तांब्या त्यानं खाली ठेवला. सुभेदार ऊन चढेपर्यंत उभा राहिला आणि कोरडाच गेला. चालत. बंदराच्या वाटेवर त्याची पाठ पुन्हा धरली आणि पुढं तो वाकूनच चालायचा, असं सांगतात. त्याची पालखी इथंच वाळवीनं खाल्ली.

मोरीचं पाणी लावू दिलं असतं तर सटवा वाचला असता, असं काही शहाणे म्हणतात. त्यांच्याही आधी तुळाजी स्वतःला ते म्हणाला होता. त्यानं पुन्हा पालखी वाहिली नाही. कढवलीत राहिला, आल्यागेल्याच्या खांद्यावर तांब्या ओतत राहिला. स्वतःच्या खांद्यावर कुणाला ओतू दिला नाही. मरेपर्यंत तो त्या पाण्यात उतरला नाही.

आजही कढवलीत पहिला तांब्या कुणी आपल्या हातानं घेत नाही. दुसऱ्यानं खांद्यावर ओतायचा, मग आपण त्याच्या खांद्यावर ओतायचा आणि दोघांनी मिळून उतरायचं. जात विचारायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. हल्ली लोक विसाव्याला मोठ्या गाड्या घेऊन येतात. साहेब टॉवेल घेऊन एकटेच खाली येतात आणि तांब्या कोण ओतणार म्हणून इकडं तिकडं बघतात. घाटाची वळणं ज्यानं काढली तो ड्रायव्हर वर गाडीत बसलेला असतो. गाव सांगतं, त्याला बोलवा. तो ओतेल, मग तुम्ही ओता. कधी कधी तो दमून झोपलेला असतो. मग त्याला उठवायचं नाही. तो जागा होईपर्यंत साहेबांनी काठावर बसायचं.