लंगडणारा कळप

फार पूर्वी चंपानगरीत दृढसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व हत्तीच्या योनीत जन्मला होता. लहानपणीच त्याला राजाच्या हत्तीशाळेत नेण्यात आले. तेथे तो शिस्त शिकला. तरुणपणी राजाने प्रसन्न होऊन त्याला मोकळे सोडले, तेव्हा तो आनंदाने आपल्या वनाकडे निघाला. वाटभर त्याला कळपाची जुनी रीत आठवत होती: तळ्यावर आधी पिल्ले पाणी पितात, मग त्यांच्या आया, मग तरुण आणि शेवटी वडीलधारे.

तळ्यावर पोहोचला, तर पुढे नुसता चिखल. कळपप्रमुख घनकर्ण सर्वांआधी पाण्यात घुसला होता. त्याच्यामागे त्याचे मित्र, मग धक्काबुक्की करीत वयात आलेली पोरे. पिल्ले काठावरच ताटकळत होती.

"बरा आलास," घनकर्ण म्हणाला. "बघ ही आजची पोरं! मोठ्यांचा मान नाही, लहानांची दया नाही. आमच्या वेळी असं होतं का? उद्या सकाळी सगळ्यांना कळपाबाहेर काढतो."

हे बोलता बोलता मध्ये आलेल्या एका पिल्लाला त्याने सोंडेने बाजूला सारले.

बोधिसत्त्वाने येताना पाहिले होते: वनाच्या कडेला पारध्यांनी खड्डे खणले होते. कळपावाचून पोरे त्यांत पडणार, हे उघड होते.

"काका, आजचा दिवस द्या. मी शिकवतो त्यांना."

त्याने पोरांना बोलावले. ती आली ती सगळीच्या सगळी डाव्या पायाने लंगडत. त्याने घाबरून एकेकाचा तळवा पाहिला. काटा नाही, जखम नाही.

"दुखतंय का रे?"

"छे!" अंजन नावाचा पोरगा म्हणाला. "घनकर्णकाका असेच चालतात. काय रुबाब दिसतो!"

"अरे, त्यांचा गुडघा धरलाय!"

"असेल. पण आम्हाला हे जमायला अख्खा पावसाळा गेला, दादा."

बोधिसत्त्वाला उपदेशाची घाई होती, म्हणून त्याने यावर विचार केला नाही. संयम, दया, विनय असे एकेक गुण तो समजावत राहिला. पोरे कान हलवत राहिली. अखेर त्याच्या घशाला कोरड पडली.

"पाहुण्याला आधी पाणी!" घनकर्ण ओरडला.

बोधिसत्त्व सरळ तळ्यात उतरला आणि पोटभर प्याला. वळून पाहतो तो पिल्ले तहानलेली काठावर उभी.

"दादा," अंजनने विचारले, "हे संयमात धरायचं की दयेत?"

बोधिसत्त्व मान खाली घालून तळ्याबाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने ठरवले की आज एक शब्दही बोलायचा नाही. घनकर्ण पोरांना हाकलायला तळ्यावर आला, तेव्हा बोधिसत्त्व मुकाट्याने काठावरच्या सर्वांत लहान पिल्लाच्या मागे जाऊन उभा राहिला. ऊन चढले तरी हलला नाही. पोरे त्याच्याकडे टक लावून पाहू लागली. मग अंजन त्याच्यामागे उभा राहिला, आणि एकेक करून बाकीची.

पोरांना हाकलण्याआधी पाणी पिऊन घ्यावे म्हणून घनकर्णाने सवयीने तळ्यात घुसण्यासाठी डावा पाय उचलला. मागे काहीतरी हालचाल जाणवली म्हणून त्याने वळून पाहिले. सगळ्या पोरांचे डावे पाय हवेत होते, तसेच अर्धवट वाकलेले, तसेच थरथरणारे.

घनकर्णाने पाय मागे घेतला. पोरांनीही घेतला.

त्याने स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिले. "कोणी कुठं जायचं नाही," एवढेच म्हणून तो रांगेच्या टोकाला गेला. लगेच पोरे रांग सोडून लंगडत त्याच्यामागे गेली. त्या दिवशी तळ्यावर भांडण झाले खरे, पण ते शेवटी कोणी उभे राहायचे यावरून. तोवर पिल्ले नितळ पाणी पिऊन झोपलीसुद्धा.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात ही कथा सांगितली, ती नगरातल्या थोरामोठ्यांना. मुले उद्धट झाल्याची तक्रार ते एकमेकांचे बोलणे तोडत सांगत होते. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा घनकर्ण म्हणजे आज इतरांना ओलांडून पुढे येऊन बसलेले नगरश्रेष्ठी. अंजन आणि ती पोरे म्हणजे दारातून हे सारे पाहत असलेली तुमची मुले. आणि उशिरा शहाणा झालेला तो तरुण हत्ती मीच होतो. जे सांगावे लागत नाही, नुसते दिसते, ते शील."

श्रेष्ठी हळूच उठले आणि मागे जाऊन बसले.