वैद्यांची भरलेली पत्रपेटी

एकदा एका वृद्ध वैद्यांच्या ईमेलची पेटी काठोकाठ भरली. गावोगावचे रुग्ण त्यांना आपली दुखणी लिहून कळवीत आणि सुलक्षणा नावाची त्यांची शिष्या गुरुजींना विचारून उत्तरे पाठवी. अकरा वर्षांत चौदा हजार पत्रे साठली, पण तिने एकही समोरून हलवले नव्हते. बरे झालेल्यांची कृतज्ञता होती त्यांत! एखादा उपचार फसला, मन खचले, की ती जुनी पत्रे उघडून बसे आणि तिला पुन्हा उभारी येई.

एके सकाळी एक विणकर दोन एसट्या बदलून दारात येऊन उभा राहिला. नव्या काढ्याने त्याच्या पत्नीच्या अंगभर पुरळ उठले होते.

"तीनदा मेल केला, ताई," तो म्हणाला. "तिन्ही वेळा परत आला. पेटी भरलीय म्हणे."

सुलक्षणेचा चेहरा उतरला. वैद्यांनी काढा तत्काळ बंद करायला सांगितले, दुसरे औषध बांधून दिले आणि विणकराला जेवू घालूनच वाटेला लावले. मग ते स्वतः संगणकापुढे बसले व त्यांनी एक नियम लावून टाकला: दोन महिन्यांहून जुने प्रत्येक पत्र आपोआप पेटीबाहेरच्या वेगळ्या संग्रहात जाईल. अपवाद एकही नाही.

पाहता पाहता पडदा रिता झाला. जेमतेम दोनशे पत्रे उरली.

"गुरुजी, निदान चांगली पत्रे तरी मला निवडू द्यायची होतीत!" सुलक्षणा कळवळून म्हणाली.

"कोणाची आठवण येते? नाव लिहून शोध बरे."

तिने नऊ वर्षांपूर्वीच्या एका आजींचे नाव लिहिले. क्षणात पत्र पुढ्यात आले: 'पोरी, आज माझ्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढले.' सुलक्षणेला हसूही आले आणि डोळेही भरले.

वैद्य शांतपणे म्हणाले, "काहीच हरवलेले नाही. अगं, आलेल्या पाहुण्याला आपण ओसरीवर बसवतो, विचारपूस करतो, मग घरात घेतो. सगळ्यांना ओसरीवरच बसवून ठेवले, तर नव्याने आलेला दुखणाईत उभा कुठे राहणार? आणि तू निवडायला बसली असतीस, तर प्रत्येक पत्र 'मला ठेव' म्हणाले असते. तुझ्याच्याने एकालाही नाही म्हणवले नसते. म्हणून ते काम मी तारखेवर सोपवले. तारखेला कोणाची भीड पडत नाही."

सुलक्षणा उरलेल्या पत्रांकडे वळली. गर्दीत दडलेले, नऊ दिवस अनुत्तरित राहिलेले एका शिक्षिकेचे पत्र आता सहज नजरेस पडले. तिचा खोकला उतरत नव्हता. सुलक्षणेने गुरुजींना विचारून उत्तर धाडले, मग दुसरे, मग तिसरे. संध्याकाळपर्यंत एकही रुग्ण ताटकळत राहिला नव्हता.

चौथ्या दिवशी विणकराचा मेल आला. पुरळ मावळले होते, पत्नी पुन्हा मागावर बसू लागली होती. सुलक्षणेने तो दोनदा वाचला. दोन महिन्यांनी हाही आपसूक आत जाईल, हे तिला ठाऊक होते आणि त्याचे तिला काहीच वाटले नाही. समाधानाने तिने पुढचे पत्र उघडले.

जे जपायचे, ते सदैव डोळ्यांसमोरच असावे लागते असे नाही.