माळावरची घुबडीण

पूर्वी वेणुवती नगरीत सुषेण राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नगराबाहेरच्या माळावर गवळ्यांच्या कुळात जन्मले आणि पुढे वस्तीचे नाईक झाले.

नवे गवत लवकर फुटावे म्हणून गवळी दरवर्षी वाळका माळ पेटवीत. आग वस्तीकडे धावू नये, म्हणून ती चारी बाजूंनी लावायची आणि मध्यावर विझू द्यायची, अशी त्यांची रीत. नाईकाने कांबळे हलवले की त्या खुणेवर गवताला पेटत्या चुडी लागत. त्याआधी बोधिसत्त्व चुकली वासरे हाकलायला स्वतः गवतातून फिरत.

त्या वर्षी माळाच्या मध्यावर त्यांना गवतात दडून बसलेली एक घुबडीण दिसली. चेहरा पिंपळाच्या पानासारखा, पोटाखाली पिल्ले. बोधिसत्त्वांना तिचा फार लोभ वाटला. त्यांच्या लहानपणी अशी कित्येक घुबडे सांजेला माळावर घिरट्या घालीत. अलीकडे एकही दिसत नसे. झाडावरचे घुबड उडून वाचते, पण हिचे घर जमिनीवर. आपणच यांना वर्षानुवर्षे जाळत आलो, हे त्यांना आता कळले आणि रडू आले.

“दाजी, घुबडाचं कसलं कौतुक?” बरोबरचा मेहुणा कुंतल म्हणाला. “अपशकुनी जात. जळली तर बरंच.”

लोकांना थांबवायला म्हणून बोधिसत्त्वांनी घाईघाईने कांबळे हलवले. घाईत माणसाला हे असे सुचते. चारी बाजूंनी धूर उठला.

“ओढ्याच्या वाटेनं अजून निघता येईल. तू जा,” ते कुंतलला म्हणाले, आणि विळ्याने घरट्याभोवतीचे गवत कापू लागले. घुबडीण बसल्या जागेवरून त्यांचे हात ओरबाडीत होती.

“मार बाई, हवं तितकं मार. पण पिल्लांवरून उठू नको.”

कुंतलने ओढ्यावरून मागे पाहिले. दोघांपैकी कोणीच जागचे हलत नव्हते. आपले कांबळे ओढ्यात भिजवून तो उलट पळत आला.

“तुम्हाला काही झालं तर ताई मला दारात उभं करील का?” असे पुटपुटत त्याने ज्वाला झोडपल्या. कापलेल्या जागेपाशी येऊन आग विझली.

मधले गवत पुढे कधीच जाळले गेले नाही. काही वर्षांनी सांजेला घुबडे पुन्हा फिरू लागली, आणि कुंतल ती पाहुण्यांना जणू स्वतःच पाळल्यासारखी दाखवू लागला.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, “भिक्खूंनो, तेव्हाचा कुंतल म्हणजे आपला सुदंत. आजही तो आधी कुरकुरतो आणि मग सर्वांआधी धावतो. घुबडीण म्हणजे थेरी वसुला. आजाऱ्याच्या उशाशी बसली की तिला उठवून दाखवा. नाईक मी होतो. ज्याच्याकडून काहीच मिळायचे नाही, त्याच्यासाठी आगीत थांबणे, ही मैत्री.”